विहिरीच्या पाण्याची खीर

बुद्धपौर्णिमेच्या खिरीला डिझेलचा वास येत होता. मूठभर वेलची घातली, तरी मेला दबला नाही.

पेट्रोलपंपाची जमिनीतली जुनी टाकी फुटली आणि कुडव्याच्या बौद्ध वस्तीची विहीर नासली. तेव्हापासून सगळे टँकरवर. पण पौर्णिमेची खीर शिजायची ती त्याच विहिरीच्या पाण्यात. दीक्षेच्या साली कुसुमबाईच्या सासऱ्यानं हातानं खोदलेली विहीर. वस्तीची खीर यंदा टँकरच्या पाण्यात झाली. एक लहान गंजभर खीर मात्र कुसुमबाईनं विहिरीच्या पाण्यात शिजवली. मुद्दाम. पंपवाल्या गुलाबचंदसाठी.

गुलाबचंद विहारासमोर खुर्चीत रेलला होता. टाकी उपटून काढा, एवढंच वस्तीचं म्हणणं. त्यानं आणली पावडरीची पोती, आणि तिचे गुण गायला कुसुमबाईचाच पोरगा, संघदीप. गुलाबचंदच्याच कॉलेजात जीवाणू शिकवणारा.

संघदीप सांगत होता, पावडर विहिरीत पडली की त्यातले जीव जागे होतात. पाण्यातल्या जिवाला तेल धरता येत नाही, म्हणून ते आधी आपली कातडीच बदलतात. तेलकट करून घेतात. मग तेलाच्या थेंबाला गोचिडासारखे चिकटतात, पोटात तेलाचे गोळे साठवतात आणि फुगतात. टाकी काढायची गरजच नाही.

"अना टाकी गळतच राहिली तं?" म्हाताऱ्या बकारामनं विचारलं.

"तर ते खातच राहतील, आजोबा."

"म्हंजे सेठ त्यायले पोसून राहिले."

कुसुमबाईनं गुलाबचंदपुढं वाटी धरली. त्यानं नाकाला रुमाल लावला. "शुगर है, बाई. इसको दो."

वाटी संघदीपकडे वळली. लहानपणी दुधावर साय दिसली तरी ओकणारं पोरगं हे. आता थुंकेल. चारचौघांत एकदा थुंकला की सेठचं तोंड बंद, टाकी निघाली.

"खाय बापू," ती म्हणाली. "विहिरीच्या पाण्याची हाय."

संघदीपनं सेठकडे पाहिलं. चमचा भरला, गिळला. मग दुसरा. वाटी बोटानं निपटून साफ केली.

"कायचा वास, माय? गोडच तं हाय."

त्याच्या ओठांवर मोरपंखी तवंग चकाकत होता. कुसुमबाईनं सवयीनं त्याचं तोंड पुसायला पदर उचलला. हात अर्ध्यातून परतला, आणि पदर तिच्या स्वतःच्या नाकावर बसला.