टोपीवालं भूत

टालियाला यंदा काहीही करून सगळ्या शाळेला घाबरवायचं होतं. गेल्या वर्षीच्या तिच्या भुताला पहिलीची पोरंसुद्धा खदाखदा हसली होती. म्हणून शाळेत दाखवायच्या नव्या भयपटाच्या ट्रेलरसाठी तिनं आजीचा जुना पांढरा झगा टोमॅटो सॉसनं माखला, रबराचा तुटका हात मिळवला आणि ब्रिस्बेनच्या रणरणत्या उन्हात वर्गातल्या डेक्लनला भूत करून मैदानावर उभं केलं. तेवढ्यात मैदानावर लक्ष ठेवणाऱ्या मिस पेट्राकिस आल्या.

"डेक्लन, टोपी कुठंय?"

"मिस, मी मेलोय."

"मेलास तरी शाळेतच आहेस ना? उन्हात टोपी नाही, तर मैदानात पाय ठेवायचा नाही. पहिलीच्या पोरांनासुद्धा हा नियम पाठ आहे!"

झालं! भुताच्या डोक्यावर शाळेची निळी, रुंद काठाची टोपी चढली. टालियानं कपाळाला हात लावला.

शुक्रवारी सभागृहात ट्रेलर लागला. रक्त बघून पोरं हसली. तुटक्या हाताला तर टाळ्या पडल्या. टालिया खुर्चीत आणखी खाली सरकली. इतक्यात पडद्यावर वारा सुटला आणि भर उन्हात भुताची टोपी उडाली. तेवढा तुकडा कापायचा तिच्याकडून राहूनच गेला होता.

पहिलीच्या पोरांनी डोळे गच्च मिटून किंकाळी फोडली, "मिऽऽस! टोपी!"