दोन हात लांब

"तुमच्यात कुणाला पेसमेकर बसवलेला नाही ना? हृदयाचं यंत्र?" नव्या इंडक्शन शेगडीची वायर खोचता खोचता मेकॅनिकने सहज विचारलं.

वसाहतीच्या सामायिक स्वयंपाकघरात सगळ्यांच्या माना मोठ्या काकूंकडे वळल्या. काकूंचा हात आपसूक डाव्या खांद्याखाली गेला.

"मग आजी, तुम्ही हिच्यापासून दोन हात लांबच राहायचं बरं का."

"दोन हात लांबून ढवळू कशी? डाव लांब करून देतोस का?"

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, जन्मभर शेगडीपुढे उभ्या राहिलात. आता बसा की निवांत. आयतं जेवा."

काकूंनी सुनेकडे पाहिलं. गॅस काढून टाकायचा ठराव आला तेव्हा पहिला हात तिचा वर गेला होता. आणि यंत्र बसवलं तेव्हा काय चालतं, काय चालत नाही, ते डॉक्टरांपुढे बसून तिनेच ऐकून घेतलं होतं.

सून पातेलं विसळत होती. विसळलेलंच पुन्हा विसळत होती.

दुपारपर्यंत गॅसच्या शेगड्या भंगारवाल्याच्या गाडीवर चढल्या. काकूंना दाराजवळ खुर्ची मिळाली, पाठीला उशी मिळाली. पातेलं नव्या काचेवर बसलं. ना जाळ, ना जाळाचा आवाज. आच मोठी की बारीक, खुर्चीतून काही कळेना.

काकूंनी चाखल्याशिवाय इथलं पातेलं कधी टेबलावर गेलं नव्हतं. तेवढी रीत सुनेने पाळली. वाटीत पळीभर रस्सा घेऊन ती खुर्चीपाशी आली.

"आई, चव बघता?"

काकूंनी घोट घेतला. मीठच नव्हतं. नव्या शेगडीच्या गडबडीत राहून गेलं असावं. सुनेच्या कपाळावर घाम होता. नजर काकूंच्या ओठांवर खिळली होती.

काकूंनी वाटी रिकामी केली आणि परत दिली.

"अगदी बरोबर झालंय. वाढ."

मग त्या उशीला टेकल्या आणि जेवणघराकडे कान देऊन बसल्या. खुर्च्या सरकल्या. चमचे वाजायला लागले. आता कुणीतरी तोंड वाकडं करणार. आता कुणीतरी हाक मारणार, "काकू, आज तुमचा हात लागला नाही वाटतं!"

आवाज आला तो सेक्रेटरींचा.

"जरा मीठ सरकवा हो इकडे."

मिठाची बाटली टेबलावरून हातोहात फिरत शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. गप्पा मध्येच कुठे थांबल्या नाहीत.