तेजोमेघाचा लाल

घड्याळजींनी आधी उजवा डोळा मिटला, मग डावा, मग पुन्हा उजवा. ऑपरेशन केलेल्या डोळ्यावरची पट्टी आत्ताच निघाली होती. या डोळ्याला दवाखान्याची भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. दुसऱ्याला तीच भिंत चहा सांडलेल्या कागदासारखी.

"डॉक्टर, मला इतके दिवस सगळं असं पिवळं दिसत होतं?"

"चार-पाच वर्षं तरी. मोतीबिंदू हळूहळू वाढतो, कळत नाही."

घड्याळजींना आपले फोटो आठवले. दुर्बिणीला कॅमेरा लावून काढलेल्या सगळ्या तेजोमेघांचे रंग त्यांनी याच डोळ्यांनी ठरवले होते. स्क्रीनवर पिवळट दिसलं की निळा वाढवायचा, आणखी वाढवायचा. आणि तो रोझेट तेजोमेघ! पाच रात्री जागून काढलेले ऐंशी फोटो एकावर एक रचले, तेव्हा कुठे ते लाल हायड्रोजनचं फूल उमटलं होतं, मधोमध कोवळ्या ताऱ्यांचा गुच्छ. आज पाच वाजता तो खगोल मंडळाच्या प्रदर्शनात झळकणार होता. वांग्यासारखा जांभळा!

"चल, आधी तो फोटो उतरवू," ते बायकोला म्हणाले. "चारचौघांत फजिती होईल."

'डोळे दाखवा' म्हणून दोन वर्षं मागे लागलेली बायको शिवणकाम टाकून आली होती. "अहो, सावकाश!" म्हणत तीही मागून धावली.

सभागृहात छपाईवाला शिडीवर चढून शेवटचा खिळा ठोकत होता. घड्याळजींनी काळा चष्मा वर केला आणि बघतच राहिले.

फूल लालबुंद होतं. पाकळ्या कडेला गडद, आत उजळत गेलेल्या, आणि मधले तारे लखलखीत. आनंदाने त्यांना काय करू नि काय नको असं झालं.

"बघितलंस? डोळ्यांनी दगा दिला, पण हाताने नाही! याला म्हणतात कसब!"

छपाईवाला शिडीवरूनच हसला. "काका, तुमची फाईल दर वेळी जांभळीच येते. काकू माझ्या शेजारी बसून दुरुस्त करून घेतात. निळा कमी कर, आणखी कमी कर. आणि वर तुम्ही मलाच झापता, छपाई पिवळी झाली म्हणून!"

घड्याळजी वळले. बायको भलतीकडेच बघत होती.

"तू? तुला तर यातलं काही कळत नाही ना? मग हा लाल सुचला कुठून?"

"मला कुठला सुचतोय!" ती म्हणाली. "तुमचे डोळे चांगले होते तेव्हा तुम्हीच रंगवलेला तेजोमेघाचा जुना फोटो शेजारी ठेवून जुळवते. लाल तुमचाच आहे."