डब्यातला कागद

"डबा उघड! उघड म्हणतो ना! नायतर आत्ताच्या आत्ता घरी चालती हो!"

सुपरवायझर मनिष ओरडला तशा पॅकिंगच्या खोलीतल्या बायका जेवता जेवता थांबल्या. शुक्रीनं डबा पोटाशी धरला.

"भाकर हाय. भूक लागली काय दादा? मग तसं सांग ना, डोळे कशाला वटारतोस?"

बायका फिसकन हसल्या. मनिषचं डोकं आणखीच फिरलं.

तलासरीच्या या प्रेसला आजवर काम म्हणजे लग्नपत्रिका आणि जत्रेची पत्रकं. परीक्षेचे पेपर सरकार स्वतःच्याच छापखान्यात छापायचं. यंदा ते काम खासगी प्रेसवाल्यांना खुलं झालं, मालकीण चंद्रिकाबेननी टेंडर भरलं आणि त्यांना लागलं पण. पण एक पेपर फुटला की काम गेलं, वर पोलीस. म्हणून बेनचा नियम होता, पॅकिंगच्या खोलीत वाचता येणारं कोणी नको. बायका घेतल्या त्या सगळ्या अंगठा लावणाऱ्या. वाचणारा एकटा मनिष. कामाला लागताना बारावी पास सांगितलेलं, खिशाला पेन. प्रत्येक गठ्ठ्यातला पेपर तपासायचा आणि वर बरोबरची खूण मारायची.

आणि तीन दिवस झाले, त्याला शुक्रीचा संशय येत होता. बाकीच्या बायका कागद उचलायच्या, रचायच्या. ही मधेच थांबायची. ओठ हलायचे.

काल तर हद्द झाली. मनिष पेपर हातात धरून तपासत होता. शुक्री आली, त्याच्या हातातला पेपर घेतला, फिरवला आणि परत हातात दिला. अडाणी बाईला कागदाची वरची बाजू बरी कळली!

"हिला वाचता येतं," तो कॉम्प्युटरवाल्या योगिताला म्हणाला. ती चलान वाचून दाखवत होती, तो खोकी मोजत होता. रोजचंच.

"येत असेल. तुला काय त्रास?"

"त्रास? पेपर फुटला तर बोंब माझ्या नावानं!"

म्हणून आज त्यानं डबा हिसकावलाच. भाकरीखाली घडी घातलेला कागद. वर गोल शिक्का, खाली एकाखाली एक आकडे, आकड्यांपुढे ओळी. सापडली!

तो तडक केबिनमध्ये घुसला. मागोमाग शुक्री.

"बेन, हिनं पेपर फोडला! गणिताचा. मी स्वतः वाचला."

चंद्रिकाबेननी फोन ठेवला. "शुक्री, तुला वाचता येतं?"

शुक्रीनं पदर खोचला. आता कशी बोलेल, मनिष मनात म्हणाला. हो म्हणाली तर नियमानं रोजी गेली. नाही म्हणाली तर कागद डब्यात कशाला? चोर ठरली.

"मला काय विचारता बेन," ती म्हणाली. "वाचणारे दादा हायत ना. त्यांनाच सांगा, मोठ्यानं वाचा."

"वाच रे मनिष."

मनिषनं कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला.

"चटणी लागलीय बेन. पुसट झालंय."

बेननी हात पुढे केला. कागद घेतला, फिरवून सुलटा धरला. वाचला. मग मान वर करून मनिषकडे बघितलं.

"महालक्ष्मीची यात्रा, विवळवेढे. कुठलं दुकान कुठे लावायचं त्याची यादी. गेल्या साली आपणच छापली." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तीनशे गठ्ठ्यांवर खूण मारलीस ना रे तू? काय बघून मारलीस?"

मनिषनं खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि तो दाराकडे वळला.

"बेन, माझी अच्छाडची गाडी चुकेल. मला आता निघायला पाहिजे."