दत्ताच्या पायाशी

दत्ताच्या तसबिरीला फूल वाहायला गेलेला इरावतीबाईंचा हात अर्ध्यातच थांबला. चौकटीच्या खालच्या कडेला, गाईच्या खुरांशी, त्यांचा स्वतःचा फोटो खोचलेला होता.

तिथल्या फोटोंच्या रांगेत सासू-सासरे होते, मोठे दीर होते, आणि शेवटी नवरा. तसबीर आजेसासऱ्यांनी सदर बाजारातून आणलेली. दत्ताच्या पीतांबरावर कुणीतरी हौसेने टिकल्या डकवलेल्या. जुनं घर सुटलं, कुटुंब शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये आलं, रीत मात्र सुटली नाही. माणूस गेलं की तेराव्याला त्याचा छोटा फोटो दत्ताच्या पायाशी लावायचा. जिवंत माणसाचा तिथे कधी लागला नव्हता.

आणि उद्या इरावतीबाईंचं ऑपरेशन होतं.

देव्हाऱ्याला धरून त्या खालीच बसल्या. तरीच डॉक्टरांचा फोन आला की त्यांचा मुलगा शिशिर गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचा. तरीच सून सकाळपासून विचारत होती, काय खावंसं वाटतं. पोटच्या पोराने आशा सोडली, आणि वर तयारीही करून ठेवली! मरायची भीती वाटते हे त्या फक्त दत्ताला सांगत आल्या होत्या. आज तेही सुचेना.

"भावना!"

सून ओढणीला हात पुसत आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिसरा महिना लागला होता. "क्या हुआ, आई?"

"हा माझा फोटो इथं कोणं लावला? शिशिरनं?"

"नहीं, मैंने. कल ऑपरेशन है ना. घर के सब लोग दत्त महाराज के पास हैं, एक आप ही नहीं थीं. मुझे अच्छा नहीं लगा."

इरावतीबाईंना हसावं की रडावं कळेना. पोरीला कुणी रीतच सांगितली नव्हती. त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"और आपको अकेला न लगे," भावना लाजत म्हणाली, "इसलिए मेरा भी रख दिया. आपके पीछे है."

बाई ताडकन उठल्या. त्यांनी आपल्या फोटोमागे चाचपलं, तिचा फोटो ओढून काढला आणि मुठीत घट्ट धरला. या भीतीपुढे पहिली काहीच नव्हती.

"निकाला क्यों, आई?" भावनाचा चेहरा उतरला.

खरं सांगितलं तर पोर हबकून जाईल. "दवाखान्यात मले संगं पाहिजे," त्या म्हणाल्या.

"तो आपका भी निकाल दूँ?" भावनाने हात पुढे केला.

इरावतीबाईंनी तो हात धरून मागे आणला.

"माझा राहू दे तिथं," त्या म्हणाल्या. "तिथले सारे माझ्या ओळखीचे आहेत."