मोसिनची खाण

"मतदान झालं बघ," शू-छिन डब्याचं झाकण काढत म्हणाली. "हजारातल्या नऊशे खेळणाऱ्यांना तो कॉम्प्युटरवरचा खेळ मोठ्या ऑनलाइन दुकानात हवाय. आणि बनवणारा म्हणतो, नाही."

यू-फांग औषधांच्या कपाटाला कुलूप लावत होती. रुईफांग गावच्या दवाखान्यात दोघी एकाच खिडकीवर बसायच्या. "कारण काय दिलंय?"

"एकच ओळ. 'माझं माणूस फक्त याच दुकानात येतं.' आता बोल. हे ऑनलाइन दुकान आहे की चहाची टपरी? खेळ उतरवायला अर्धा दिवस, त्यात मध्येच बंद पडणार. मोठ्या दुकानात सवलत मिळते, मित्रमंडळी असतात, सगळे खेळ एका जागी राहतात. ते सोडून या जुन्या दुकानात कोण मरायला जाईल?"

"मी गेले की."

"तुझं काय, तू भावाच्या खटारा कॉम्प्युटरवर खेळतेस. त्याच्यावर दुसरं काही चालतं तरी का?"

यू-फांग हसली, पण त्या एका ओळीने तिचा जीव वर-खाली होत होता.

मोसिन म्हणजे डोंगरातलं भूत. आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं आणि वाट चुकवतं. खेळात बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीतून सात मजले खाली उतरायचं होतं. चौथ्या मजल्यावर अंधारातून आईचा आवाज यायचा. मोसिनला पळवायला फटाके लावतात हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण इथे फटाके लावणारा मरायचा. डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्यात घातला तरच पुढची वाट उघडायची.

ही युक्ती यू-फांगने फक्त स्वतःच्या घरात ऐकली होती. बाबांनी तीस वर्षं खाणी मोजल्या, त्यांचे नकाशे काढले. रात्री ते एका रजईत शिरलेल्या दोन पोरांना ही गोष्ट सांगायचे. त्यातली एक ती, दुसरा तिचा दादा ख-वेइ.

ख-वेइला घर सोडून नऊ वर्षं झाली होती. परीक्षेत तो दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा पडद्यावर खेळांचं तेच दुकान उघडं असताना बाबांनी कॉम्प्युटरची वायर उपटली आणि म्हणाले, "या पेटीतच राहायला जा." सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. पुढे त्याचा फोनही बंद झाला.

बाबा त्या खोलीत पुन्हा कधी गेले नाहीत. गेल्या वर्षी ते घरी नसताना यू-फांगने नवी वायर आणून जोडली. पडद्यावर ते जुनं दुकान आपोआप उघडलं. त्यात अजून ख-वेइचंच नाव होतं. तिने त्याच नावाने खेळ घेतला, आणि त्याच नावाने बनवणाऱ्याला लिहिलं. आपलंच जुनं नाव समोर आलं की घरचं कोणीतरी हाक मारतंय हे दादाला न सांगता कळेल, असा तिचा हिशेब होता. उघड हाक मारली तर तो पुन्हा पळेल अशी भीती होती.

तिने लिहिलं, "बुटांची युक्ती मला माहीत होती."

उत्तर यायला चार दिवस लागले. "मला वाटलंच होतं. नकाशे आणि गोष्टी माझ्या. बाकीचं मुलं करतात."

म्हणजे दादाच्या हाताखाली माणसं होती. तिला बरं वाटलं. त्याचं लिहिणंही किती मोजकं, पोक्त झालं होतं.

त्यानंतर दर आठवड्याला दोन-तीन ओळी येत-जात राहिल्या. नाव कोणीच घेतलं नाही.

"जेवण वेळेवर होतं का?" तिकडून यायचं.

"होतं. आणि तिकडे?"

"घास उतरत नाही."

एकदा तिने धीर करून विचारलं, "आठवण येते?"

"रोज."

त्या दिवशी तिने बाबांसमोर विषय काढून पाहिला. बाबा जेवून उठत होते. दुपारी ते वाचनालयातल्या तरुण मुलांमध्ये जाऊन बसायचे, ते दिवेलागणीलाच परतायचे.

"बाबा, दादा परत आला तर?"

बाबांनी वाडगा हळूच खाली ठेवला. "त्याची काळजी तू करू नकोस."

"रागवाल?"

"सांगितलं ना, तू त्यात पडू नकोस." ते छत्री घेऊन निघून गेले.

तिला वाटलं, या घरात दादाला आणायचं तर आधी आपणच त्याला गाठावं. तिने लिहिलं, "भेटू या. कोणी काही बोलणार नाही."

या वेळी उत्तर तासाभरात आलं. "मीही काही बोलणार नाही. फक्त यायचं. रविवारी दहा वाजता, होउथोंग, पुलाजवळचं नूडल्सचं दुकान."

रविवारी तिने बाबांना सांगितलं की जादा ड्यूटी आहे. बाबा म्हणाले की त्यांनाही देवळात जेवण आहे. दोघांनाही एकमेकांची अडचण झाली नाही.

नऊ वाजताच ती दुकानात जाऊन बसली. नूडल्सचे दोन वाडगे मागवले, आणि एकात दादाला आवडायचं तसं जास्तीचं तिखट घालायला लावलं. रुळांवरून दोन गाड्या गेल्या. नूडल्स फुगून आल्या. दादाचे केस आता कसे असतील, तो आधी हसेल की आधी रडेल, याचाच ती विचार करत होती.

दहाला दार सरकलं. ती उठून उभी राहिली.

दारात बाबा होते. आपल्या मागोमाग आले, तिच्या मनात आलं, आता दादा बाहेरूनच परत जाईल.

"बाबा, तुम्ही जा," ती घाईने म्हणाली. "मी घरी आल्यावर सगळं सांगते. आत्ता इथे थांबू नका."

"तूच जा ग," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. ते तिच्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर एकेका टेबलावरून फिरत होती. मग ते गल्ल्यापाशी गेले आणि दुकानवाल्या बाईंना म्हणाले, "बाई, तिशीचा एक मुलगा इथं माझी वाट बघत बसला होता का? माझ्या खेळाबद्दल तो मला लिहीत असतो."