डायनासोरचं अंडं

गणपतीपुळ्याला जाताना माझ्या सुनेने, निहारिकाने, सोबत कणकेचे बाफले घेतले होते, मधे अंगठा दाबून भाजलेल्या बाट्याच त्या. तब्येतीसाठी म्हणून बिनतुपाचे. तिचं मन राखायला मी दोन घेतले, फर्स्टक्लास झालेत म्हटलं आणि समुद्राकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाला, सौमित्रला, वाळूत दगडासारखा कडक, भुरा गोळा सापडला. त्याने फोटो काढून फोनला विचारलं. फोन म्हणाला, डायनासोरचं अंडं असू शकतं. झालं. उज्जैनपर्यंत अंडं खिडकीजवळ आणि मी बॅगांच्या मधे.

घरी येताच नानाखेड्याहून सक्सेना साहेबांना बोलावलं. रिटायर्ड प्रोफेसर, उभा जन्म दगड शिकवण्यात गेला. भिंग लावून अर्धा तास बघितलं आणि म्हणाले, "माताजी, ये दाँतों के निशान हैं. कोई बूढ़ा जानवर रहा होगा. काटा, टूटा नहीं, तो रेत में गाड़ दिया."

असे हुशार लोक आता राहिले कुठे? मीपण लगेच सांगितलं की माझ्या आजोबांनी नर्मदेकाठी असा एक प्राणी पाळला होता, दूधसुद्धा द्यायचा. एरवी मला गप्पाडी म्हणणारा सौमित्र ते वहीत लिहून घ्यायला लागला.

तेवढ्यात निहारिकाने अंडं हातात घेतलं. मधल्या खळग्यात तिचा अंगठा बरोबर बसला.

 

"आई," ती शांतपणे म्हणाली, "जरा हसून दाखवता?"